नामदार गोखले : स्पष्टोक्ती आणि संयम यांच्यामधली वाट

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी टेंभुर्णी ओलांडून पुढे आला की माढा तालुक्यातील मोडनिंब लागते. आज या परिसरात ऊस उभा दिसतो, द्राक्षे आणि डाळिंबाच्या बागा दिसतात. उजनीचे पाणी येण्यापूर्वी मात्र हा सारा मुलूख पावसाच्या भरवशावर जगणारा होता. ज्वारी पिकली तर वर्ष निभावले, नाही पिकली तर सरकारी सारा आणि सावकाराचे व्याज या दोन पात्यांच्या कात्रीत शेतकरी सापडलेला. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन भीषण दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने पाव शतकाच्या आत पाहिले. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्याच्या मूळ चार जिल्ह्यांत पुणे, सातारा आणि नगर यांच्या जोडीने सोलापूरही होते. या कोरडवाहू माणसाचे गाऱ्हाणे मुंबईच्या, कोलकात्याच्या आणि लंडनच्या दरबारात आकड्यांच्या भाषेत मांडणारा, आणि ते मांडताना समोरच्या सत्ताधीशाचा अपमान होऊ न देणारा जो पुरुष त्या काळात महाराष्ट्रात झाला, त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ मध्ये वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठविले. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी घर चालविले. या ऋणाची जाणीव गोखल्यांना जन्मभर राहिली. कोल्हापूर, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले. पुढे न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक, आगरकरांच्या 'सुधारका'त इंग्रजी भागाचे लेखक ही त्यांची वाटचाल सर्वपरिचित आहे.

त्यांच्या घडणीत दोन माणसांचा वाटा मोठा. एक अर्थातच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेसाठी लिहिलेला प्रत्येक अर्ज, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक विशेषण रानडे तपासत आणि पसंत न पडल्यास पुन्हा लिहावयास लावत. सरकार अशा अर्जांची दखल घेत नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी, अशी शंका तरुण गोखल्यांच्या मनात येई. हे अर्ज नाममात्र सरकारसाठी आहेत, खरे तर ते आपल्याच लोकांना विचार करावयास शिकविण्यासाठी आहेत, हे रानड्यांनी त्यांना पटवून दिले. दुसरा माणूस आज विस्मृतीत गेला आहे आणि तो सोलापूरशी निगडित आहे, म्हणून येथे थोडे थांबणे अस्थानी होणार नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक. सरकारी नोकरीत असल्याने उघड राजकारण त्यांना वर्ज्य होते, परंतु हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा, साऱ्याचा, लष्करी खर्चाचा आणि चलनाचा त्यांचा अभ्यास अजोड होता. गोखल्यांच्या गाजलेल्या भाषणांमागील आकडेवारीचा मोठा भाग जोशींच्या पत्रव्यवहारातून आणि चर्चेतून सिद्ध झालेला आहे. विधिमंडळातील टाळ्या गोखल्यांना मिळाल्या. सोलापूरच्या या शिक्षकाचे नाव मात्र अर्थशास्त्राचा इतिहास वाचणाऱ्यांपुरतेच उरले.

या तयारीची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्यासमवेत गोखले लंडनला गेले. वयाला एकतीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. एप्रिलमध्ये झालेल्या उलटतपासणीत ते कोठेही डगमगले नाहीत. कीर्तीचा हा पहिला कळस होता आणि त्याच्या पाठोपाठ, काही आठवड्यांतच, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडू प्रसंग आला.

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. वॉल्टर रँड यांच्या अधिपत्याखाली गोऱ्या शिपायांकडून घराघरांची झडती चालली होती. लोकांच्या धार्मिक भावना, स्त्रियांची अब्रू, देवघरे आणि स्वयंपाकघरे यांची पर्वा न करता चाललेल्या या तपासणीच्या हकीकती पुण्यातील मित्रांनी पत्रांतून लंडनला कळविल्या. त्यांत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याची आणि त्यांतील एकीने आत्महत्या केल्याची वार्ता होती. पत्रे पाठविणारे लोक विश्वासू होते. गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला मुलाखत दिली आणि पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही हे सांगितले. इंग्लंडात खळबळ उडाली. भारतमंत्र्यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली, सरकारने आरोप साफ नाकारला. दरम्यान २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सगळे वातावरण पालटले. नातू बंधूंना कोणत्याही खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली.

गोखले परतीच्या वाटेवर असतानाच पुण्याच्या मित्रांचे निरोप आले. आमची नावे कोणत्याही परिस्थितीत बाहेर येऊ देऊ नका, एवढीच त्यांची विनवणी होती. जुलैअखेर बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस आयुक्त व्हिन्सेंट चौकशीसाठी हजर होते. सरकारला पुरावा हवा होता, म्हणजेच नावे हवी होती. ती देणे म्हणजे त्या माणसांना तुरुंगाच्या दारात नेऊन सोडणे. न देणे म्हणजे आरोप बिनपुराव्याचा ठरविणे. तिसरा मार्ग गप्प बसण्याचा होता. पुष्कळ मुत्सद्दी तो पत्करतात आणि काळावर हवाला ठेवतात. गोखल्यांनी तो पत्करला नाही. स्वतः घटनास्थळी जाऊन चौकशी करणे आता अशक्य, साक्षीदार पुढे येण्यास तयार नाहीत, अशा स्थितीत जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे हाच प्रामाणिकपणा, असा त्यांनी निर्णय केला. ऑगस्टच्या आरंभी वृत्तपत्रांतून त्यांचा माफीनामा प्रसिद्ध झाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग समितीचे सदस्य आणि शिपाई या सर्वांची त्यांनी विनाशर्त क्षमा मागितली.

या माफीवरून महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आरोप मागे घेणे अटळ होते आणि नावे न उघड करणे हे धैर्याचे होते. परंतु माफीचा सूर आवश्यकतेपेक्षा खाली गेला. शिपायांच्या वर्तनाबद्दल त्यात जी प्रशंसा आली, ती तपासणीचा जाच प्रत्यक्ष सोसलेल्या पुणेकरांच्या जखमेवर मीठ चोळणारी होती. पूर्ण स्पष्टपणाच्या हव्यासात संयम सुटला, तो या ठिकाणी. आणि सुटला तोही सत्ताधाऱ्यांविरुद्ध नव्हे, स्वतःविरुद्ध. त्यांच्यावर भित्रेपणाचा आणि देशद्रोहाचाही शिक्का बसला. त्या वर्षअखेरीस अमरावतीला भरलेल्या काँग्रेसमध्ये त्यांच्याविरुद्ध वातावरण तापलेले होते. गोखल्यांनी उत्तर दिले नाही. प्लेग पुन्हा उद्भवला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून पुण्याच्या वस्त्यांतून हिंडत राहिले. लंडनला पत्रे धाडणाऱ्यांची नावे त्यांनी कधीच जाहीर केली नाहीत.

असा माणूस दोन वर्षांत मुंबई विधिमंडळात निवडून गेला, याचे नवल वाटते. तेथे १९०१ मध्ये जो प्रसंग घडला तो माढा, बार्शी, करमाळा या भागांतील शेतकऱ्याच्या थेट जिव्हाळ्याचा होता. दुष्काळामुळे साऱ्याची थकबाकी साचली होती. थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीस देताना ती विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घ्यावा, अशी तरतूद असलेले जमीन महसूल दुरुस्ती विधेयक सरकारने आणले. हेतू सांगितला गेला तो शेतकऱ्याला सावकारापासून वाचविण्याचा. गोखल्यांनी या हेतूवर शंका घेतली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हेतू चांगला आहे असे मान्य करूनच त्यांनी दाखवून दिले, की जमीन तारण ठेवता येत नाही अशा शेतकऱ्याला बैल घ्यायला कोणी दमडी देणार नाही; सावकार जाईल आणि त्याच्या जागी सरकार हाच एकमेव जमीनदार उरेल. शेतकऱ्याला खरोखर सोडवायचे असेल तर त्याला स्वस्त कर्ज मिळण्याची सोय आधी करा, असा त्यांचा आग्रह होता. लोकमत विचारात घेण्यासाठी विधेयक लांबणीवर टाकावे ही सूचना फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या मागोमाग गोखले आणि इतर काही सदस्य सभागृहातून उठून गेले. जाताना गोखल्यांनी आपण अनादरापोटी नव्हे, जबाबदारीच्या जाणिवेपोटी जात आहोत, एवढे नम्रपणे सांगितले. सभात्याग ही आज विधानभवनात रोजची बाब झाली आहे. त्या काळी ती अघटित घटना होती, म्हणूनच तिचा परिणाम झाला.

१९०२ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळात गेले. त्यांचे पहिलेच अंदाजपत्रकावरील भाषण देशभर गाजले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते आहे याचा अर्थ देश समृद्ध आहे असा नव्हे. दुष्काळाच्या वर्षांतही शिल्लक पडते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात आहे, असा उलटा अर्थ त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून काढून दाखविला. मिठावरील कर हा त्यांच्या टीकेचा मुख्य विषय. हा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु दरवर्षी तीच मागणी नव्या पुराव्यासह करणारा आवाज त्यांचाच होता.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि गोखले यांचे नाते चमत्कारिक होते. कर्झन त्यांच्या बुद्धीचा चाहता होता. १९०४ मध्ये गोखल्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. त्याच सुमारास विद्यापीठ विधेयकावर आणि सरकारी गुपितांच्या विधेयकावर गोखले कर्झनला कलमागून कलम विरोध करीत होते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली, वर्षअखेर बनारसला काँग्रेस भरली आणि तिच्या अध्यक्षपदावरून गोखल्यांनी जे सांगितले ते त्यांना मवाळ म्हणून हिणविणाऱ्यांनी आवर्जून वाचावे असे आहे. कर्झनची तुलना त्यांनी औरंगजेबाशी केली. अचाट उद्योग, कर्तव्याची तीव्र जाणीव, चिकाटी हे गुण दोघांचेही त्यांनी मान्य केले. सर्व सत्ता एका हाती एकवटणे, प्रजेविषयी अविश्वास आणि दडपशाही हेही दोघांचेच, असे त्यांनी पुढे म्हटले.

सोलापूर जिल्ह्याच्या वाचकाला या उपमेचा अर्थ विस्ताराने सांगण्याची गरज नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ, भीमेकाठी ब्रह्मपुरीला वर्षानुवर्षे पडली होती. माचणूरचा किल्ला अजून त्याची साक्ष देत उभा आहे. सर्व हिंदुस्थानचा धनी एका नदीच्या काठी अडकून पडतो आणि त्याचे साम्राज्य मागे पोखरत जाते, ही कथा येथल्या मातीतच आहे. गोखल्यांनी कर्झनला शिवी दिली नाही. त्याला इतिहासात बसवून दाखविले. एवढे खरे की कर्झन तेव्हा हिंदुस्थान सोडून गेला होता; पण विधिमंडळात तो समोर बसलेला असतानाही गोखल्यांची टीका काही सौम्य नव्हती.

त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. पुढील तीन वर्षांत ते अनेकदा लंडनला गेले आणि भारतमंत्री जॉन मोर्ले यांना वारंवार भेटले. या भेटींचा उपयोग किती झाला? १९०९ च्या सुधारणांत त्यांचा हात होता हे निर्विवाद, परंतु त्यांत स्वतंत्र मतदारसंघ आले आणि जबाबदार राज्यपद्धती आली नाही. लंडनमध्ये मोर्ले त्यांचा आदर करीत, कोलकात्यात लॉर्ड मिंटोला त्यांचा संशय येई, आणि पुण्यात जहाल पक्ष त्यांना सरकारचा हस्तक समजे. मध्यस्थाच्या वाट्याला हेच येते. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये झालेल्या फुटीची जबाबदारी मात्र त्यांना पूर्णपणे टाळता येणार नाही. अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलविण्यात मवाळांचा डाव होता, आणि परक्या सत्तेशी बोलताना जो धीर गोखले दाखवीत तो त्यांनी स्वकीयांशी बोलताना दाखविला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

१९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते पडणार हे त्यांना ठाऊक होते आणि तसे त्यांनी सभागृहात कोणतीही कटुता न ठेवता सांगितलेही. शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळण्यास पुढे २००९ साल उजाडावे लागले.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत उतरले. मधुमेहाने शरीर खिळखिळे झाले होते. नाताळात करारबद्ध मजूर पाठविण्यास बंदी घालण्याचा ठराव १९१० मध्ये त्यांनीच मांडला होता आणि पुढील वर्षी ती बंदी अमलात आली होती. आता प्रश्न होता तो तेथेच राहिलेल्या हिंदी लोकांचा. करार संपलेल्या मजुरावर दरसाल तीन पौंडांचा कर होता, नोंदणीचा अपमानकारक कायदा होता. महिनाभर गांधीजी सावलीसारखे त्यांच्याबरोबर होते. या दौऱ्यातील एक हकीकत मराठी माणसाला विशेष गोड वाटेल. कोकणी मुसलमान आणि इतर हिंदी मंडळींच्या सभेत गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, आपण त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करू, असा हट्ट गांधीजींनी धरला. गांधीजींचे मराठी ते किती! गोखले हसले, पण मराठीत बोलले, आणि भाषांतर बरे झाले असे पाहून पुढेही तसेच करीत गेले. हजारो मैलांवरच्या त्या परमुलखात कोतळूकच्या माणसाची मराठी घुमली.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरियात पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी त्यांची भेट झाली. गांधीजी मुद्दामच बरोबर गेले नाहीत. मात्र आदल्या रात्रीपर्यंत गोखल्यांनी त्यांच्याकडून प्रत्येक तपशील घोटून घेतला होता. भेट संपवून आलेले गोखले समाधानी होते. काळा कायदा जाईल, प्रवेशाच्या कायद्यातील वर्णभेद निघेल, तीन पौंडांचा कर रद्द होईल, असे आश्वासन मिळाल्याचे त्यांनी सांगितले. गांधीजींना ते खरे वाटेना. या मंत्र्यांना आपण अधिक जवळून ओळखतो, असे त्यांचे म्हणणे होते. आणि झालेही तसेच. १९१३ मध्ये स्मट्स यांनी नाताळच्या गोऱ्यांचा विरोध पुढे करून कर रद्द करण्यास असमर्थता दाखविली.

गोखले फसले काय? आश्वासन लेखी नव्हते, हा त्यांच्या सभ्यतेचा दोष म्हणता येईल. परंतु दिलेला शब्द मोडला गेला, यामुळेच हिंदुस्थानभर संताप उसळला आणि तीन पौंडांचा कर हा राष्ट्राच्या मानापमानाचा प्रश्न बनला. गांधीजींनी तो कर सत्याग्रहाच्या मागण्यांत घेतला. खाणमजूर, स्त्रिया, मुले ट्रान्सव्हालच्या सरहद्दीकडे चालू लागली. आजारी गोखले अंथरुणावरून तारा पाठवीत होते, निधी जमवीत होते. नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी मद्रासला सत्याग्रहींबद्दल जाहीर सहानुभूती दाखविली. पुढे चौकशी आयोगावर बहिष्कार घालण्याचा गांधीजींचा निर्णय गोखल्यांना मुळीच पसंत नव्हता. त्यांनी तसे स्पष्ट कळविले, आणि तरीही साहाय्य थांबविले नाही. अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना त्यांनी आफ्रिकेत धाडले. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

त्याच वर्षी सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांना काँग्रेसमध्ये परत घेण्याची बोलणी १९१४ च्या अखेरीस सुरू झाली आणि गैरसमजात मोडली. ती सफल झालेली पाहणे गोखल्यांच्या नशिबी नव्हते. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी मायदेशी परतले. वर्षभर देश पाहा, मते जाहीर करू नका, असा सल्ला गोखल्यांनी त्यांना दिला आणि गांधीजींनी तो पाळला.

गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी हिंदुस्थानला पुढे कोणत्या सुधारणा द्याव्यात याविषयी मत मागितले होते. मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी गोखल्यांनी तो मसुदा पुरा केला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सिंहगडावर असलेले टिळक वार्ता कळताच खाली उतरले आणि अंत्ययात्रेला आले. दोन दशके ज्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला, त्यांच्याविषयी स्मशानभूमीत त्यांनी मोकळ्या मनाने गौरवाचे शब्द काढले. गोखल्यांचा तो शेवटचा मसुदा १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रांतांना बऱ्याच अंशी स्वायत्तता द्यावी, एवढीच त्यातील मागणी होती. तोवर देशात होमरूलची चळवळ उभी राहिली होती, लखनौ करार झाला होता, आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांना तो मसुदा फार जुना वाटला.